वहीतली साखर

माझे सासरे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती आहे हे सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्वतःच्या रक्तात किती आहे हे मान्य करायला त्यांना जवळजवळ तेवढीच वर्षं लागली असती. पण मध्ये माझ्या सासूबाई आल्या.

मी लग्न होऊन कसबा बावड्यात आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन गळीत हंगामात. माहेर गडहिंग्लजचं, वडिलांचं किराणा दुकान. साखर मी पोत्यात बघितलेली, कारखाना नव्हे. पहिले आठ दिवस मला वाटत राहिलं की शेजारी कुणाचा तरी गुळाचा पाक करपतोय. नवीन सून, विचारणार कुणाला? शेवटी सासूबाईंनीच माझं आक्रसलेलं नाक बघून सांगितलं, "मळीचा वास हाय त्यो. कारखाना बंद हुईस्तवर असाच. सवय हुती. मग पावसाळ्यात वास आला न्हाय की कायतरी इसरल्यावानी वाटतंय बघ."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजी उंच, ताठ, आणि मोजमापाच्या बाबतीत कडक. चहात तीन चमचे साखर घ्यायचे, पण ती सपाट. शिगोशीग चमचा त्यांना चालत नसे. गोड होतं म्हणून नव्हे, प्रमाण राहत नाही म्हणून. एकदा मी घाईत अंदाजानं साखर घातली तर त्यांनी कप तसाच परत पाठवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला शांतपणे समजावून सांगितलं, "अंदाज हा शब्द या घरात चालत नाही."

हंगामात संध्याकाळी कधीकधी शेतकरी घरी येत. माझा ऊस चांगला असून लॅबमध्ये साखर कमी का दाखवली, अशी त्यांची तक्रार असे. "सायेब, म्या सोता खाऊन बघितलाय की. गूळ हाय नुस्ता, गूळ!" मामंजी त्यांना चहा द्यायला सांगत आणि म्हणत, "पावणं, यंत्राला तुमचं नाव ठाऊक हाय का? न्हाय न्हवं? मग त्ये तुमच्याशी वैर कशाला धरंल?" शेतकरी चहा पिऊन, पटलं नाही तरी, गप उठून जात. मला मामंजींचा तेव्हा फार अभिमान वाटायचा.

माझ्या लग्नानंतर दोनएक वर्षांनी कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "काका, तुम्हाला शुगर आहे." मामंजी म्हणाले, "असणारच. कारखान्यात आहे मी." हा विनोद त्यांनी घरी येऊन आम्हाला दोनदा सांगितला. डॉक्टर हसले नव्हते, हेही सांगितलं. पण त्यात त्यांना डॉक्टरांचाच दोष दिसला.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय शहरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं की तपासणी नियमित करा. आज त्रास नाही म्हणून सोडून देऊ नका. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळे, मूत्रपिंड, पाय असं एकेक धरते. मामंजींनी मान डोलावली. तपासणी हा शब्द त्यांच्या आवडीचा होता. रक्त तपासायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात नव्हतं. घरी लघवी तपासायची. एका नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटेसारखा लाल झाला तर भरपूर.

दुसऱ्याच दिवशी मामंजी काचेच्या सहा नळ्या, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळी बाटली घेऊन आले आणि सगळं स्वयंपाकाच्या कट्ट्यावर मांडू लागले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "काय हाय ह्ये?"

मामंजींनी प्रयोग समजावून सांगितला.

"माझ्या कट्ट्यावर लघवी शिजणार न्हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.

प्रयोगशाळा परसात गेली, धुण्याच्या दगडावर. पावसाळ्यात दिवा विझायचा म्हणून कुणीतरी छत्री धरायला हवी, आणि ते काम माझ्याकडे आलं. पाऊस सुरू असताना, सासऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरून, त्यांच्या लघवीचा रंग बदलताना मी पहिली तीन वर्षं बघितली. सासरा-सुनेच्या नात्यातलं अवघडलेपण असं किती दिवस टिकणार? तिसऱ्या महिन्यात मीच सांगू लागले, "मामंजी, पोपटी झालं."

"पोपटी न्हवं. हिरवट निळं म्हण."

रंगाबद्दल आमचे मतभेद होऊ लागले. मला पिवळं दिसे ते त्यांना हिरव्याकडे झुकलेलं दिसे. एखाद्या दिवशी अगदी वीटच दिसली, तर द्रावण जुनं झालंय, नाहीतर नळी नीट धुतलेली नाही, नाहीतर आच जास्त लागली. मग पुन्हा करायचं. प्रयोगशाळेत तीन वेळा मोजून सरासरी काढतात, असं तेच सांगत. घरी त्यांनी या पद्धतीत थोडी सुधारणा केली होती: तीन वेळा करायचं आणि त्यातलं सगळ्यात निळं ते खरं धरायचं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मला मुलगी झाली, मी शहरातल्या एका शाळेत शिकवायला लागले, मामंजी निवृत्त झाले. चहातली साखर तीनवरून दोन चमच्यांवर आली, आणि या त्यागाचा उल्लेख रोज होत राहिला.

रक्त तपासायचं यंत्र आणलं माझ्या नवऱ्यानं. ते तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचा पाय साखरेपायी कापावा लागला होता. ते हॉस्पिटलात त्यांना बघून आले, घरी येऊन जेवले नाहीत, आणि त्याच आठवड्यात दुकानात जाऊन यंत्र घेऊन आले. तळहाताएवढं, करड्या रंगाचं. त्यात एक पट्टी घालायची, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की थोड्या वेळात आकडा येतो. रंग नाही, आकडा. पोपटी की हिरवट निळं हा वाद त्यात करता येत नव्हता.

मामंजींनी माहितीपत्रक दोनदा वाचलं. नवीन फुलस्केप वही काढली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, उपाशी की जेवल्यावर, वाचन, शेरा. हे सगळं करण्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घालण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीर करायला काही उरलं नाही, तेव्हा ते खुर्चीत बसले, बोट पुढे केलं आणि डोळे गच्च मिटले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कारखान्यातल्या बॉयलरजवळ बिनधास्त फिरणारा हा माणूस सुईला घाबरतो. टोचलं नवऱ्यानं. आकडा आला दोनशे शहाऐंशी.

"उपाशीपोटी?" मी विचारलं.

"उपाशीपोटी," मामंजी म्हणाले. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "याची चाचणी घेतली पाहिजे. निरोगी माणसाचा नमुना लागेल. त्याशिवाय यंत्र बरोबर आहे हे कशावरून?"

म्हणून आम्हाला रांगेत बसवलं. नवऱ्याचा आकडा ब्याण्णव आला. माझा अठ्ठ्याऐंशी. दोन्ही अगदी ठीक. यंत्र चांगलं असल्याचा हा पुरावा मामंजींना पुरेसा वाटला नाही. "तुम्ही तरुण आहात. माझ्या वयाचा निरोगी नमुना पाहिजे." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

आत्याबाई पंचावन्नच्या होत्या. कधी आजारी नसत, निदान झोपून राहिलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. "माझ्या बोटाला कशापायी भोक पाडतासा?" असं म्हणत हात पुसत आल्या, बसल्या, आणि सुई टोचताना सरळ सुईकडे बघत राहिल्या.

तीनशे अकरा.

मामंजींच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही बघितला नव्हता. "बघा! म्हटलं न्हवतं? हिला तीनशे अकरा! हिला! मशीन साफ खराब हाय!"

आम्ही सगळे हसलो. आत्याबाईही हसल्या. हे मी लिहायलाच हवं की मीही हसले.

मामंजींनी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात 'निरोगी स्त्री, वय पंचावन्न, उपाशीपोटी वाचन ३११, सबब यंत्र अविश्वसनीय' असा मजकूर होता. पत्र टाकायला मीच नेलं म्हणून मला पाठ आहे. मग ते यंत्र घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं साखरेचं ठरावीक प्रमाण असलेलं द्रावण पट्टीवर टाकून दाखवलं. आकडा जिथे यायला हवा तिथेच आला. मामंजी घरी येऊन म्हणाले, "द्रावणही त्याच कंपनीचं. ते कशाला खोटं पाडतील स्वतःला?" यंत्राला तुमचं नाव ठाऊक आहे का, हे त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही. आमच्यात तेवढी हिंमत नव्हती.

यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, मी आणि आत्याबाई मेथी निवडत बसलो होतो. मामंजी आत झोपले होते. आत्याबाईंनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली आणि भाजीकडेच बघत विचारलं, "त्या मशीनवर माझा आकडा किती आल्ता गं?"

"तीनशे अकरा."

"आणि मशीन बरं असंल तर?"

माझे हात थांबले. त्यांच्या टाचेला भेग पडून झालेली जखम दिवाळीपासून भरत नव्हती. त्यावर त्या हळद लावत होत्या. रात्री तीन-तीनदा पाणी प्यायला उठायच्या. उकाडा आहे म्हणायच्या. मोरीत मुंग्या यायच्या, त्याचा सगळा ठपका आम्ही मामंजींवर ठेवत होतो. हे सगळं मी रोज बघत होते. शाळेत चौथीच्या वर्गाला मी आरोग्याचा धडा शिकवत होते, आजाराची लक्षणं फळ्यावर लिहून.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्यांना शहरात नेलं. प्रयोगशाळेचा आकडा यंत्रापेक्षा नऊनं कमी आला. म्हणजे यंत्र तसं खरंच होतं. माझ्या शाळेजवळ एक डॉक्टरीण होत्या, त्यांनी टाच बघितली, गोळ्या लिहून दिल्या, आणि खाणं, चालणं, तपासणी सगळं नीट समजावलं. परत येताना बसमध्ये आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शुगर मिलचा स्टॉप आला तेव्हा म्हणाल्या, "त्यास्नी काय सांगू नगंस."

"का हो?"

"त्यांचं मशीन खोटं पाडायचं काम चाललंय न्हवं? त्यात आपून कशाला मधी पडायचं? पाडू दे त्यास्नी निवांत."

हे त्या रागानं म्हणाल्या की दयेनं, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

गोळ्या शिकेकाईच्या डब्यात गेल्या. मामंजी सकाळी सहाला पंचगंगेच्या बंधाऱ्यावर फिरायला जात. तेवढा तास यंत्र आत्याबाईंचं. पट्ट्या संपल्या तर मामंजींना लगेच कळलं असतं, ते पट्ट्या मोजून ठेवत. म्हणून मी त्यांच्या डब्यावरचा कोड नंबर लिहून घेतला आणि दुकानदाराकडून त्याच कोडची वेगळी डबी आणली. कोड बदलला तर यंत्र चुकीचा आकडा देतं. सुरुवातीला मी टोचून देत होते. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "सर तिकडं," आणि स्वतः टोचून घेतलं, बोटाच्या मध्ये नव्हे, कडेला, तिथे दुखत नाही म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण आमच्या घरात खरे प्रयोग कुणी केले असतील तर त्यांनी. एक दिवस दुपारी नुसता भात खाऊन दोन तासांनी, मामंजी झोपलेले असताना, बघितलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात, पण आधी भाजी नि डाळ. तिसऱ्या दिवशी जोंधळ्याची भाकरी. जेवून लगेच आडवं पडलं तर किती, दूध घालायला डेअरीपर्यंत चालून आलं तर किती. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत, सिलिंडर कधी लावला त्याच्या शेजारी बारीक अक्षरात. मामंजी मोजायचे ते मोजलं आहे हे दाखवायला. त्या मोजायच्या ते उद्या काय शिजवायचं हे ठरवायला.

सगळ्यात मोठा आकडा गुरुवारी यायचा. दत्ताचा उपास होता त्यांचा, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी. त्या दोन गुरुवार गप्प बसल्या. तिसऱ्या गुरुवारी फक्त दही आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले. पुढच्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलो तेव्हा पादुकांपुढे त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं? "मागायचं काय? खिचडी बंद केल्याली सांगून आले," त्या म्हणाल्या, आणि पेढ्यांच्या दुकानांवरून मान खाली घालून चालत्या झाल्या.

चार महिन्यांत त्यांचा उपाशीपोटीचा आकडा एकशे तीसच्या आसपास आला. टाच भरली.

इकडे मामंजींच्या वहीत वेगळाच प्रकार चालला होता. यंत्र खराब असलं तरी डॉक्टरांनी वही मागितली होती, म्हणून त्यांनी सोमवार आणि गुरुवार ठरवले होते. पण फिरून येताना मित्रमंडळींबरोबर चहा आणि गरम भजी व्हायची, मग त्या दिवशी टोचण्यात अर्थ नाही असं ते ठरवत. शिवाय सुई होतीच. त्यामुळे रकाने रिकामे राहत. आणि रिकामा रकाना हा त्यांच्या दृष्टीनं गुन्हा होता.

यंत्राला स्मरणशक्ती होती, हे आम्ही दोघी विसरलो होतो. बटण दाबलं की मागचे आकडे तारखेसकट दिसत. मामंजींनी माहितीपत्रक दोनदा वाचलेलं होतं.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले. मामंजी आणि आत्याबाई आधीच येऊन बसले होते. मामंजींच्या मांडीवर वही, नवं कव्हर घातलेली. आत गेल्यावर डॉक्टरांनी वही उघडली, पानं चाळली. एकशे बत्तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे एकेचाळीस. एकही खाडाखोड नाही.

"वा काका," डॉक्टर म्हणाले. "अशी वही माझ्या एका पेशंटची नाही."

मामंजी नम्रपणे भिंतीकडे बघत राहिले.

मग डॉक्टरांनी प्रयोगशाळेतून आलेला कागद उलगडला. त्यांनी मामंजींना एक नवी तपासणी करायला सांगितली होती, गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते सांगणारी. त्यांनी कागदाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे.

"हे जुळत नाही. या कागदाप्रमाणे तुमची साखर तीन महिने अडीचशेच्या वरच असणार. एक तर माझी लॅब चुकतेय, नाहीतर तुमची वही."

"माझी वही चुकणार न्हाय," मामंजी ताडकन म्हणाले. "यंत्रात नोंद हाय. तारखेसकट. बघा पाहिजे तर." आणि पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी बटण दाबत वहीतला एकेक आकडा यंत्रात शोधून बघितला. सगळे तंतोतंत होते. ते गोंधळले. मला तेवढ्यात सगळं कळलं आणि मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पदर सावरून खुर्चीत सरळ झाल्या.

"डाक्टरसाहेब, वही खरी हाय," त्या म्हणाल्या. "मशीन बी खरं हाय. आकडं तेवढं माझं हायत."

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. आत्याबाईंनी पिशवीतून गुंडाळी केलेली कॅलेंडरची पानं काढली आणि टेबलावर पसरली. त्यांनी ती कशाला आणली होती, त्यांना आधीच संशय होता का, हे मी नंतर कितीदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टर बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवत होते. "हा शेंगदाणे म्हणजे काय?" "आणि हे 'डेरीला चालत' म्हणजे?" आत्याबाई उत्तरं देत होत्या. मामंजींच्या भेटीच्या वेळेत त्या दिवशी आत्याबाईंचीच तपासणी झाली. त्यांचा रक्तदाब, पायाची बोटं, सगळं. मामंजी गुडघे घट्ट जुळवून बसले होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

रिक्षात ते ड्रायव्हरशेजारी बसले. घरी आल्यावर कोट न काढता पुढच्या सोप्यात उभे राहिले.

"तुला शुगर हाय, आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्याच मशीननं सांगितलं, तुमच्यासमोर. तुमी कंपनीला पत्र लिवलासा."

त्या आत गेल्या आणि भात लावला. मामंजी किती तरी वेळ तिथेच उभे होते. आकडे तुमचे नाहीत हे ठाऊक असताना वहीत का लिहिले, असं त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. दुसऱ्याचे आहेत हे त्यांनी स्वतःशी तरी मान्य केलं होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. रात्री जेवताना मात्र ते आत्याबाईंच्या पायाकडे बघत होते. "टाच भरली का?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"भरली."

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. सहा वाजता आत्याबाई मागच्या पायरीवर यंत्र घेऊन बसल्या, तर हे समोर येऊन बसले आणि बोट पुढे केलं. डोळे मिटलेले. आत्याबाईंनी बोटाच्या कडेला टोचलं. "झालं?" त्यांनी विचारलं. "कवाच झालं," आत्याबाई म्हणाल्या. दोनशे बाहत्तर. मामंजींनी तो लाल शाईनं लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरात, 'माझे' असं लिहिलं.

मग त्यांची गाडी जोरात सुटली, कारण आता स्पर्धा होती. बायकोचा आकडा आपल्यापेक्षा चांगला ही गोष्ट त्यांना सहन होईना. भजी बंद झाली. चहातली साखर गेली, आणि या वेळी त्याचा उल्लेख झाला नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, तेही आत्याबाईच द्यायच्या. वर्षभरात मामंजींचा आकडा एकशे चाळीसच्या घरात आला. एके दिवशी तो आत्याबाईंच्या आकड्यापेक्षा चारनं कमी होता, तर त्यांनी माझ्या नवऱ्याला कागलला फोन करून सांगितलं. घरून फोन आलाय म्हणून नवरा मशीन सोडून धावत ऑफिसात गेले, तर ही बातमी.

गोष्ट इथे गोड होऊन संपली असती. पण पुढच्या उन्हाळ्यात पेपर वाचताना मामंजींना ओळी वाकड्या दिसू लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आत बघितलं आणि सांगितलं की साखरेनं पडदा खराब केला आहे, उजवा जास्त. लेझर करू, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही.

"पण माझी साखर आता कंट्रोलमध्ये आहे," मामंजी म्हणाले. वही बरोबर होती. त्यांनी ती पुढे केली.

डॉक्टरांनी ती उघडली नाही. "हे आत्ताचं नाही, काका. हे आठ-दहा वर्षांपूर्वीपासून होत आलेलं आहे."

मामंजींनी वही परत घेतली. आठ-दहा वर्षांपूर्वी छत्री कुणी धरली होती, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर उन्हात डोळे चुरचुरतात म्हणून मी त्यांना हाताला धरून जिना उतरवला, तर अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "तू पिवळं म्हणायचीस ते बरोबर होतं गं."

मी म्हटलं, "सावकाश, पुढं पायरी आहे."

लेझर झालं. डावा डोळा बराच वाचला. आत्याबाईंचे डोळे दर वर्षी तपासतात, अजून त्यात काही निघालेलं नाही. यंत्रावरचे आकडे मामंजींना दिसेनासे झाले तेव्हा वही आत्याबाईंकडे आली. एका पानावर दोघांचे आकडे, डावीकडे मामंजींचे, उजवीकडे स्वतःचे. शेऱ्याच्या रकान्याचा उपयोग खरा तेव्हा सुरू झाला. 'पावन्याच्यात बासुंदी दोन वाट्या. मला एक म्हनाले.' 'पाऊस, चाललो न्हाई.' 'नातीच्या वाडदिवसाला केक, दोगानी बी.'

महिन्याच्या शेवटी मामंजी आरामखुर्चीत बसतात आणि आत्याबाईंना सगळी वही मोठ्यानं वाचायला लावतात. मध्येमध्ये थांबवून विचारतात, "पाहुण्यांच्यात कसं लिहिलंस? दाखव." मग मला हाक मारतात, मी बघून सांगते, आणि ते आत्याबाईंना शुद्धलेखन समजावतात. आत्याबाई व्हय व्हय म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच लिहितात. आकड्यांत मात्र मामंजींना अजून एकही चूक काढता आलेली नाही.